नव्या गवतावर जनावराचा गळा सुजला, तर आधी काय पाहाल?

मृगाचा पाऊस पडून दोन-तीन आठवडे झाले, की बल्लारपूर, कोठारी, पोंभुर्णा, गोंडपिपरी या पट्ट्यातले पशुपालक दरवर्षी एकाच धाटणीचे प्रश्न विचारू लागतात. "नवं गवत खाल्लं आणि बकरीच्या जबड्याखाली पाणी उतरलं." "संध्याकाळी म्हैस चांगली होती, सकाळी गळा सुजलेला." "लगनसराई संपली म्हणून वरातीचा घोडा मोकळा चरायला सोडला, तर दोन्ही कानांखाली गाठी आल्या." तिघांनाही गवताचाच संशय असतो, आणि तिघंही शेवटी विचारतात, दोन दिवस वाट पाहू का?

उत्तरं तिघांना तीन आहेत. घोड्याची ती सूज खरोखर चरण्यामुळे येते आणि बहुतेक वेळा काही न करता उतरते. बकरीच्या बाबतीत दोष गवतावरून पोटात गेलेल्या जंतांचा असतो. तिथं हाताशी काही दिवस असतात, पण ते वाया घालवायचे नसतात. म्हशीच्या सुजेशी गवताचा काही संबंध नाही. तिच्याकडे दिवस नाहीत, तास आहेत. म्हणून सूज दिसली की रोगाचं नाव शोधत बसू नका. ती किती वेगानं वाढते आहे आणि जनावराला ताप आहे का, एवढं आधी ठरवा.

पहिल्या दहा मिनिटांत

जनावर कळपातून बाजूला घ्या, सावलीत बांधा, चारा काढून घ्या. मग या क्रमानं पाहा:

- ताप. घरातलं डिजिटल थर्मामीटर चालतं. ते नंतर फक्त जनावरांसाठीच ठेवा. टोकाला तेल लावून गुदद्वारात आतल्या बाजूला टेकेल असं धरा आणि आवाज येईपर्यंत सोडू नका. गाय-म्हशीचं नेहमीचं तापमान साधारण १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, बकरीचं १०१.५ ते १०३.५ आणि घोड्याचं ९९ ते १०१.५. भर उन्हातून आलेलं जनावर आधी अर्धा तास सावलीत उभं करा, नाहीतर आकडा फसवतो.
- सुजेवर हात. ती गरम आहे की गार? हात लावताच जनावर मान झटकतं का? अंगठ्यानं दाबून सोडा. मळलेल्या कणकेत बोट रुतल्यासारखा खळगा राहिला, तर आत पाणी आहे. दगडासारखी कडक, हाडाला चिकटलेली गाठ असेल, तर प्रकार वेगळा.
- जागा. कानाखाली, दोन जबड्यांच्या मधोमध, गळ्यावर, की खाली पोळीपर्यंत उतरलेली?
- श्वास. घरघर आहे का, जीभ बाहेर आली आहे का, मान लांब करून उभं आहे का?
- डोळ्याची खालची पापणी हलकेच उलटून पाहा. आतला रंग लालसर-गुलाबी आहे की पांढुरका?
- शेण, लघवी, नाक, तोंड. कुठं रक्त, पू किंवा तारेसारखी लाळ दिसते का?

सूज पहिल्यांदा कधी दिसली ती वेळ लिहून ठेवा. गुराख्याला विचारा की आज ढोरं कुठं चरली, पाणी कुठं प्यायली, वाटेत एखादं जनावर अचानक उसळलं का, मागं पडलं का. डॉक्टरांना या माहितीचा औषधाइतका उपयोग होतो, आणि ती फक्त तुमच्याकडे असते.

सूज गरम, ताप चढलेला: घटसर्प समजूनच चाला

गाय-म्हशीचा ताप १०४ ते १०६ अंश, तोंडातून लाळ, चारा-पाणी बंद, घशाभोवती गरम आणि दुखरी सूज, श्वासाला घरघर. एवढं दिसलं, की घटसर्प धरूनच पुढची हालचाल करा. काही गावांत याला गळसुजी म्हणतात. पाश्चुरेला मल्टोसिडा नावाच्या जिवाणूमुळे तो होतो. गायबैलांपेक्षा म्हशी आणि हल्ये त्याला जास्त बळी पडतात, आणि तरण्या जनावरांत तो अधिक दिसतो. लक्षणं दिसल्यापासून एक-दोन दिवसांत, कधी त्याच रात्री, जनावर जातं.

हा जिवाणू काही निरोगी जनावरांच्या घशात गुपचूप असतो. उन्हाळाभर तणसावर काढून जनावर खंगलेलं असतं. पहिल्या पावसात ते भिजतं आणि लगेच धानाच्या बांधीत चिखलणीला जुंपलं जातं. अंगातली ताकद कमी पडली की जिवाणू उचल खातो, आणि लाळेतून, नाकातल्या पाण्यातून, आखरावरच्या एकाच टाक्यातून बाकीच्या ढोरांकडे जातो. नवं गवतही त्याच दिवसांत येतं, म्हणून नाव त्याचं होतं.

तुमच्या हाती जे आहे ते असं:

1. लगेच फोन. सकाळची वाट पाहू नका. प्रतिजैविकाचं इंजेक्शन ताप आल्याबरोबर मिळालं तर जनावर वाचू शकतं. गळा पूर्ण सुजून श्वास अडकल्यावर तेच औषध फार क्वचित कामी येतं.
2. आजारी जनावराचं पाणी, दावण, दोर, बादली वेगळी करा.
3. गोठ्यातल्या बाकीच्या सगळ्या जनावरांचा ताप सकाळ-संध्याकाळ पाहा. गळा सुजण्याआधी ताप येतो. दुसरं जनावर वाचवण्याची खरी संधी तिथंच असते.
4. कळप त्या आखरावर, त्या बोडीवर पाठवू नका. शेजाऱ्यांना सांगा. सांगितलं तर आपल्याला नावं ठेवतील या भीतीनं गप्प बसण्यात गावाचं फार नुकसान होतं.
5. आठवडी बाजारात काहीही विकायला नेऊ नका, अगदी ठणठणीत दिसणारं जनावरसुद्धा.

एक गोंधळ मुद्दाम दूर करायला हवा. लस टोचल्यावर मानेवर टोचलेल्या जागी छोटी गाठ येते, एखाद-दोन दिवस अंग कोमट राहतं, दूध जरा कमी होतं. तो घटसर्प नव्हे आणि लस 'बाधली' असंही नाही. गाठ टोचलेल्या जागीच असते, घशाखाली उतरत नाही आणि जनावर चारा खात राहतं.

सूज गार, दाबली की खळगा: पोटात किंवा यकृतात जंत

जबड्याखाली पाण्याची मऊ, गार पिशवी लोंबते. ताप नाही, दुखत नाही, जनावर चरतंसुद्धा. पण केस राठ, हाडं वर आलेली, कधी पातळ हगवण, आणि पापणी आतून पांढुरकी. हे रक्त आणि रक्तातली प्रथिनं घटल्याचं लक्षण आहे. रक्तातलं पाणी धरून ठेवायला प्रथिनं लागतात. ती कमी पडली की पाणी झिरपून खाली साठतं. दिवसभर मान खाली घालून चरणाऱ्या जनावरात ते जबड्याखालीच उतरणार.

इथं अनेक जण फसतात. ही सूज संध्याकाळी मोठी दिसते आणि रात्रभर मान वर राहिल्यानं सकाळी ओसरते. मालकाला वाटतं, उतरली. चार-आठ दिवस असेच जातात आणि मग बकरी एका सकाळी उठतच नाही. सूज उतरली का, हे पाहू नका. पापणीचा रंग पाहा. रंग पांढरा असेल, तर सूज असो वा नसो, उपचार त्याच दिवशी हवा.

आपल्या भागात यामागं मुख्यतः दोन अपराधी असतात, आणि दोघांचं वेळापत्रक वेगळं आहे.

*बकऱ्या-मेंढ्यांत:* चौथ्या पोटात राहून रक्त पिणारा हिमॉन्कस हा गोलकृमी. त्याच्या अळ्या ओल्या, कोवळ्या गवताच्या पात्यांवर चढून बसतात. पोटात गेल्यावर तीन आठवड्यांच्या आत-बाहेर त्या वयात येतात आणि अंडी घालू लागतात. म्हणून पाऊस सुरू झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी कळपातल्या पाच-सहा बकऱ्या एकदम फिकट दिसायला लागतात. या एका बाबतीत नव्या गवतावरचा आरोप बराचसा खरा आहे.

*गाय-म्हशींत आणि बकऱ्यांतही:* यकृतातला चपटा कृमी, म्हणजे लिव्हर फ्लूक. शेणातून त्याची अंडी पाण्यात जातात, पाण्यातल्या गोगलगायीत वाढतात आणि तिथून निघून काठच्या गवताला चिकटतात. चंद्रपूर-गडचिरोलीत माजी मालगुजारी तलाव, बोड्या आणि धानाच्या बांध्या जागोजागी आहेत. म्हणजे त्याला हवं ते सगळं आहे. मात्र गवत खाल्ल्यापासून यकृतात कृमी मोठा होईपर्यंत तीन-चार महिने जातात. आषाढात दिसणारी सूज आषाढातल्या गवताची नसते. फाल्गुन-चैत्रात तलाव आटत जाताना काठावर जो एकमेव हिरवा पट्टा उरतो, तो जनावरांनी कुरतडलेला असतो. सूज त्याची असते. पुढच्या वर्षी काय टाळायचं, हे यावरून ठरवा.

उपाय करताना

- शेणाचा ताजा नमुना प्लास्टिकच्या स्वच्छ पिशवीत घेऊन काही तासांत दवाखान्यात न्या. सूक्ष्मदर्शकाखाली अंडी पाहिली की कोणता जंत ते कळतं. याला पर्याय नाही, कारण औषधं वेगळी आहेत.
- आयव्हरमेक्टिन गोलकृमींवर आणि गोचिडांवर चालतं, यकृतातल्या चपट्या कृमीवर चालत नाही. "इंजेक्शन दिलं होतं तरी सूज आली" असं सांगणाऱ्यांनी आधी त्या इंजेक्शनचं नाव पाहावं.
- अल्बेंडाझोल गाभण जनावराला सुरुवातीच्या काळात देऊ नये. क्लोझँटेलचा डोस जास्त झाला तर बकरीची दृष्टी जाऊ शकते. बाटलीनं अंदाजे ओतणं म्हणून धोक्याचं आहे. वजन करा, नाहीतर छातीच्या घेरावरून काढून घ्या.
- एकच औषध वर्षानुवर्षं वापरलं की जंत त्याला सरावतात. सगळ्या कळपाला दर महिन्याला औषध पाजण्यापेक्षा फिकट पापणीच्या बकऱ्या निवडून त्यांना द्या.
- जंत मेले तरी गेलेलं रक्त लगेच भरून येत नाही. काही आठवडे ढेप, डाळीचा कोंडा, हरभऱ्याचं कुटार असा प्रथिनांचा खुराक द्या. अशक्त बकरीला लांब जंगलात हाकू नका. कळपाच्या मागं रेंगाळणारी बकरी आपल्या भागात बिबट्याची पहिली शिकार असते.
- सकाळी दव उडाल्यावर कळप सोडा. पाणी शक्यतो हातपंपाचं किंवा विहिरीचं, टाक्यात. धान कापताना बुंध्याकडचा, पाण्यात राहिलेला भाग तणसात घेऊ नका. घेतला तर चांगला सुकवून जुना झाल्यावर घाला.

गायीच्या पोळीवर गार सूज आहे, मानेची शीर दोरीसारखी फुगली आहे आणि उतारावरून उतरताना ती कण्हते, असं असेल तर जंतांच्या मागं लागू नका. गिळलेली तार किंवा खिळा हृदयाकडे सरकल्याचं ते लक्षण असू शकतं. बल्लारपुरात कारखाना-कॉलनीच्या कचऱ्यावर फिरणाऱ्या गायींत याचा विचार आधी करावा.

घोड्याच्या कानाखालची सूज

चंद्रपूर-बल्लारपुरात घोडे थोडे आहेत, आणि जे आहेत त्यांतले बरेच वरातीचे. आषाढी एकादशीनंतर चातुर्मास लागतो, लग्नं थांबतात. वर्षभर कडबा-हरभऱ्यावर असलेला घोडा मैदानात दिवसदिवस नव्या गवतावर असतो. अशा वेळी दोन्ही कानांखाली, जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात लाळग्रंथी फुगतात. पाहणारा घाबरतो, कारण मान एकदम जाड दिसते.

ओळख सोपी आहे. सूज दोन्ही बाजूंना, दुखत नाही, ताप नाही, नाक कोरडं, खाणं नेहमीसारखं. घोडा रात्रभर तबेल्यात कोरड्या चाऱ्यावर बांधा. सकाळपर्यंत सूज बरीच उतरली, तर ती चरण्याची सूज होती. औषध नको. चरायचे तास कमी करून हळूहळू वाढवा. काही घोड्यांना हा त्रास दर पावसाळ्यात होतो आणि दर वेळी तसाच जातो.

बकरीची सूज सकाळी ओसरली तर फसू नका असं वर सांगितलं, आणि घोड्याच्या बाबतीत तीच गोष्ट दिलाशाची आहे. हा फरक नीट लक्षात ठेवा.

पण पुढचं काही दिसलं तर थांबू नका:

- सूज कानाखाली नसून दोन जबड्यांच्या मधल्या खळग्यात आहे, गरम आणि दुखरी आहे, ताप आहे, नाकातून पिवळा पू येतो. हा स्ट्रँगल्स असू शकतो. तरण्या घोड्यांत जास्त होतो आणि फार वेगानं पसरतो. गाठ पिकून फुटते. ती स्वतः कापू नका. डॉक्टर सांगतील तसा कोमट शेक द्या. लगाम, मोहरकी, बादली, खरारा, काहीही दुसऱ्या घोड्याला वापरू नका. गाठ फुटून घोडा बरा दिसला तरी काही आठवडे तो इतरांना लागण देऊ शकतो.
- नाकातून चिकट, रक्ताळलेला स्राव, नाकात व्रण, जबड्याखाली कडक न हलणारी गाठ, पायांवर रांगेत फुटणाऱ्या गाठी. हा ग्लँडर्सचा संशय आहे. हा रोग माणसाला होतो आणि जीव घेऊ शकतो. उघड्या हातांनी नाक पुसू नका, मुलांना दूर ठेवा, घोडा कुठंही हलवू नका आणि त्याच दिवशी पशुसंवर्धन विभागाला कळवा. रक्ताचे नमुने हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात तपासले जातात. या रोगावर लस नाही. तपासणीत रोग नक्की झाला तर कायद्यानुसार घोड्याला दयामरण द्यावं लागतं आणि मालकासाठी भरपाईची तरतूद आहे. लपवलं तर भरपाईही जाते आणि घरच्यांचा जीवही धोक्यात येतो.

सारंगखेड्याच्या किंवा दुसऱ्या कोणत्या बाजारातून घोडा आणत असाल, तर ग्लँडर्स तपासणीचा दाखला मागून घ्या, आणि घरी आणल्यावर तीन आठवडे बाकीच्या घोड्यांपासून वेगळा बांधा. सूज आणि ताप दोन्ही असलेल्या घोड्यात फाशी रोगाचीही शक्यता धरावी लागते; तो घोड्यात पुष्कळदा गळ्याची आणि छातीची सूज घेऊनच येतो.

जंगलातून आलेल्या जनावराची सूज

सकाळी निरोगी गेलेलं जनावर दुपारी तोंड सुजवून आलं, सूज नाकपुडीवर किंवा ओठावर सुरू होऊन गळ्याकडे पसरते आहे, तिथं दोन टोचल्याच्या खुणा किंवा रक्ताचा पाझर आहे, लघवी लाल होते आहे. असं असेल तर सापाचा, बहुधा घोणसेचा, विचार करा. गवतात तोंड घालताना चावा तोंडावरच बसतो. जनावर चालवू नका. ब्लेडनं कापू नका, मुसक्या आवळू नका. प्रतिविष डॉक्टरांकडूनच, शिरेतून द्यावं लागतं. महाग असतं आणि प्रत्येक दवाखान्यात नसतं, म्हणून फोनवर पहिलं वाक्य "साप चावल्यासारखं वाटतं" असंच सांगा.

जेठ-आषाढात आंब्याच्या कोया गिळून अन्ननलिका अडकण्याचे प्रकारही होतात. लाळ गळते, मान ताणली जाते, पोट भराभर फुगतं, ताप मात्र नसतो. काठी घालून कोय ढकलायचा प्रयत्न करू नका, अन्ननलिका फाटते. कडक, हाडाला चिकटलेली, महिनोन्महिने हळू वाढणारी जबड्याची गाठ किंवा काट्यामुळे आलेलं गळू असेल, तर त्यात तातडी नाही, आठवड्याभरात दाखवा. अंगभर गाठी आणि पोळीला-पायाला सूज असेल, तर लम्पीची शक्यता सांगा.

हे करू नका

सुजलेल्या गळ्यावर डागणं आजही होतं. विळा तापवून गळ्याभोवती फुल्या काढतात. घटसर्पाचा जिवाणू रक्तात असतो, त्याला कातडीवरच्या चटक्यानं काही होत नाही. जनावर आधीच श्वासासाठी धडपडत असतं, त्यात तीव्र वेदना आणि जखम. यातून जे वाचलं असतं, तेही जातं. तुमच्या वडिलांनी डागलेली म्हैस वाचली होती, हे खरं असेल. तिला बहुधा घटसर्प नव्हता.

तितकंच घातक काम म्हणजे तोंडातून काढा, तेल, दारू पाजणं. गळा सुजलेल्या जनावराला गिळता येत नाही. नळीनं ओतलेलं सरळ फुप्फुसात उतरतं आणि रोगानं नाही तर त्यानंच जनावर मरतं. गळा सुजलेला असेपर्यंत तोंडातून काहीही ओतू नका. पाणी समोर ठेवा, प्यायलं तर पिऊ द्या.

दुखणं थांबवायच्या इंजेक्शनबद्दल

सूज म्हटली की दुकानातून डायक्लोफिनॅक आणून टोचायची सवय अजून गेलेली नाही. माणसांच्या औषधाची कुपी जनावराला वापरणंही तेच. जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ पासून बंदी आहे. केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवर २०२३ मध्ये बंदी आली. कारण यांतलं कोणतंही औषध अंगात असलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होऊन ती मरतात. हा प्रश्न आपल्या दाराशी आहे. गडचिरोलीत वनविभागानं गिधाडांना मेलेली जनावरं खायला ठेवायची 'उपाहारगृहं' चालवली, आणि जानेवारी २०२४ मध्ये ताडोब्यातल्या बोटेझरीला पांढऱ्या पाठीची दहा गिधाडं आणली गेली. एका गावातल्या एका बैलाला दिलेलं चुकीचं इंजेक्शन हे सगळं मातीत घालू शकतं. डॉक्टरांना मेलॉक्सिकॅम मागा. त्यानं गिधाडांना अपाय होत नाही आणि जनावरालाही आराम पडतो.

कुणाला कळवायचं आणि तुमचे हक्क काय

फिरत्या पशुचिकित्सा पथकाचा निःशुल्क क्रमांक १९६२ आहे. सोबतच गावाजवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा आणि पंचायत समितीतल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांचा क्रमांक आजच लिहून गोठ्याच्या दारावर लावा. फोनवर पाच गोष्टी सांगा: कोणतं जनावर आणि वय, ताप किती, सूज कुठं आणि कधीपासून, श्वास कसा, गोठ्यात आणखी किती जनावरं आजारी.

- नोंदणीकृत पशुवैद्यक. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार उपचार नोंदणीकृत पशुवैद्यकानं करायचे असतात; पशुधन पर्यवेक्षकांनी त्यांच्या देखरेखीखाली ठराविक किरकोळ सेवा द्यायच्या. नोंदणी क्रमांक विचारण्यात अपमान नाही.
- लेखी चिठ्ठी. काय दिलं ते लिहून मागा. दूध किती दिवस घरी वापरायचं नाही आणि डेअरीत घालायचं नाही, हेही त्यावर लिहून घ्या.
- कळवणं हे कर्तव्यही आहे. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ खाली घटसर्प, फाशी, ग्लँडर्स यांसारख्या अनुसूचीतल्या रोगाचा संशय आला, तर मालकानं गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवावं लागतं. पंचायतीकडे लेखी द्या आणि पोच घ्या. पुढं लसीकरणाचं पथक बोलावताना हाच कागद उपयोगी पडतो.
- कानातला बिल्ला. १२ अंकी बिल्ल्याशिवाय महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून जनावरांची खरेदी-विक्री करता येत नाही, आणि वीज, पूर, वाघ-बिबट्याचा हल्ला यांत जनावर गेलं तर भरपाईही अडते. बिल्ला तुटला असेल तर आजारपणाची वाट न पाहता नवा लावून घ्या.

जनावर दगावलं तर

विमा असेल तर पुरण्याआधी विमा कंपनीला कळवा, बिल्ल्यासह फोटो काढा, शवविच्छेदनाचा अहवाल मागा. बिल्ला असलेला कान कापून टाकून देऊ नका.

नाका-तोंडातून, गुदद्वारातून न गोठणारं काळपट रक्त येत असेल, तर ते जनावर उघडू नका, कातडी सोलू देऊ नका. तो फाशी असू शकतो आणि माणसाला होतो. डॉक्टर येईपर्यंत कुत्री-डुकरं हाकला.

घटसर्पानं गेलेलं जनावर पाण्यापासून दूर, माणूसभर खोल खड्ड्यात, चुना टाकून पुरा. वर्धा नदीत, नाल्यात, तलावात ढकलणं हा वर सांगितलेल्या २००९ च्या कायद्याखाली गुन्हा आहे, आणि खालच्या गावाच्या पाणवठ्यावर रोग पोचवणंही. जंगलाच्या कडेला टाकलेलं प्रेत वाघाला गावाच्या वाटेवर आणतं. गिधाडांच्या उपाहारगृहासाठी जनावर द्यायचं असेल तर आधी वनविभागाला मृत्यूचं कारण आणि दिलेली औषधं सांगा. रोगानं गेलेलं जनावर तिथं नेऊ नका.

घटसर्पाची लस कधी टोचायची

मे महिन्यात, फार तर जूनच्या पहिल्या आठवड्यात. लस टोचल्यावर ताकद यायला दोन-तीन आठवडे लागतात. पाऊस पडल्यावर टोचलेली लस ऐन धोक्याच्या दिवसांत अर्धवट असते, आणि आजारी पडलेल्या जनावराला ती टोचून उपयोग नाही. सहा महिन्यांच्या वरच्या सगळ्या वासरा-पारड्यांपासून बैलांपर्यंत, कळपातलं एकही जनावर सुटू देऊ नका. लस बर्फाच्या पेटीतून आली का ते पाहा. ती २ ते ८ अंश सेल्सिअसलाच टिकते. उन्हात दुचाकीच्या डिकीतून आलेली लस टोचून घेऊ नका.

भामरागडसारख्या तालुक्यांत तर पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद होतो. तिथं जुलैत डॉक्टर पोचतील यावर विसंबू नका. ज्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, त्यांनी एप्रिलच्या सभेतच तीन गोष्टी ठरवून ठराव लिहावा: लसीकरणाचा दिवस, त्या दिवशी गुराख्यानं ढोरं रानात न नेता आखरावर रोखून धरायची, आणि उन्हाळ्यात आटणाऱ्या कोणत्या बोडीच्या काठावर चराई बंद ठेवायची. ठरावाची प्रत पंचायत समितीच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांना द्या, म्हणजे गावाच्या जनावरांएवढ्या मात्रा पाऊस पडायच्या आत मागवता येतील.